वन्संच्या नावावरची साखर

मुरबाडपासून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत माणसांच्या रक्तात जेवढी म्हणून साखर आहे, ती सगळी एके काळी माझ्या थोरल्या नणंदेच्या नावावर होती. ह्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. शेजारच्या जनाकाकूंची साखर, पिठाच्या गिरणीवाल्याची साखर, जीपमधून माहेरी निघालेल्या आणि आमच्याशी कसलाही संबंध नसलेल्या बायकांची साखर, सगळी गोळा होऊन वन्संच्या मोबाईलमध्ये जायची आणि तिथून थेट मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात. तिथले शिकलेसवरलेले डॉक्टर ती बघून डोक्याला हात लावायचे. एका बाईच्या अंगात सकाळी उठल्यापासून न्याहारीपर्यंत एवढ्या उलथापालथी होतात तरी कशा, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुस्तकात कुठून असणार? पुस्तक लिहिणाऱ्यांना आमच्या वन्सं कुठे भेटल्या होत्या!

मी भातसानगरच्या वसाहतीत वाढलेली. वडील धरणावर नोकरीला, त्यामुळे क्वार्टरचं दार लोटून घ्यायचं आणि आपापला चहा आपापल्या कपातून प्यायचा, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन वैशाखऱ्यात आले तर इथे वन्सं. यजमान गेल्यावर त्या माहेरी परत आल्या होत्या, पण माहेरवाशीण म्हणून नव्हे, सरपंच म्हणून. पहिल्याच सकाळी मी ओट्यावर कप घेऊन बसले, तर त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला, त्याचे दोन अर्धे कप केले आणि रस्त्याने चाललेल्या एका माणसाला हाक मारून त्यातला एक त्याच्या हातात ठेवला. "समोरनं माणूस चाललंय, आन तू एकटीच पितेस गो वयनी?" मी म्हटलं, "कोण आहेत ते?" तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत? पण चाललाय ना!" तो माणूस चहा पिऊन गेला. तो कोण होता हे आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. वन्संचा सगळा धर्म एवढाच. माणूस समोर असताना एकट्याने काही करायचं नाही. खायचं नाही, प्यायचं नाही, हसायचं नाही, आणि भांडायचं तर मुळीच नाही.

अशा बाईला कॅन्सर झाला. गावात त्या रोगाचं नावसुद्धा कुणी मोठ्याने घेत नाही. 'ते झालंय' म्हणतात आणि आवाज उतरवतात. वन्संनी मात्र पहिल्याच दिवशी ओट्यावर उभं राहून सगळ्या आळीला सांगून टाकलं, "मला कॅन्सर झालाय, परत परत इचारायचं नाय, काय ते आताच इचारून घ्या." इस्पितळात गेल्या तर आठवड्यात तो सगळा वॉर्ड त्यांचं सासर-माहेर झाला. कुणाच्या सुनेला काय खुपतं, कुणाचा मुलगा भेटायला का येत नाही, सगळं त्यांना ठाऊक. औषधाने केस गेले तेव्हा मी कोपऱ्यात तोंड लपवून रडत होते, आणि ह्या डोक्यावरून हात फिरवत म्हणतात, "बरा झाला. तेलाची बाटली आता वरीसभर पुरंल." देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने दुखणं गेलं. पण गेलं ते आपली पोरंबाळं आमच्याकडे ठेवून गेलं. साखर वाढली, बीपी वाढलं, छातीच्या ऑपरेशनच्या बाजूचा उजवा हात सुजायला लागला, आणि बोटांची टोकं नि पायांचे तळवे बधिर झाले ते झालेच. उजव्या हाताला दिवसभर घट्ट विणलेली बाही घालावी लागे. तिला त्या 'हाताची चोळी' म्हणत. तो हात जड उचलायला बंद, सुई टोचायला बंद, पट्टा बांधायला बंद. कुणी विचारलं तर सांगायच्या, "उजवा रजेवर हाय. काय काम असंल तर डाव्याला इचारा."

ह्या सगळ्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. दुःख एकाच गोष्टीचं होतं. डॉक्टरांनी त्यांची आवणी बंद केली होती. आता ज्यांनी आषाढात आमच्याकडची आवणी पाहिली नाही, त्यांना मी काय सांगू? राबातलं, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यातलं, भाताचं रोप उपटायचं, मुठी बांधायच्या, आणि चिखल केलेल्या खाचरात ओळीने उभं राहून वाकून वाकून लावत मागे सरायचं. ह्या कामात वन्संचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. त्यांची ओळ दोरी लावून आखल्यासारखी यायची. इतर बायका निम्म्यावर असायच्या तेव्हा ह्या बांधाला टेकून, "काय गो, झोप लागली काय तुमाला?" म्हणून सगळ्यांची थट्टा करायच्या. आणि काम उरकलं की चिखलफेक. तो इथल्या बायकांचा हक्कच आहे. माझ्या पहिल्या आवणीला त्यांनी मला चिखलात असं काही माखलं होतं की घरी गेल्यावर आमच्या ह्यांनी मला 'कोण पायजे?' म्हणून विचारलं. तर ती आवणी बंद. बधिर बोटाला काही कापलं तर कळायचं नाही, सुजऱ्या हाताला जखम झाली तर चिघळायची, आणि साखर असलेल्या पायाने अनवाणी चिखलात उतरणं म्हणजे आगीशी खेळ. हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, वन्संना पटलंही, पण मग आवणीच्या दिवसांत त्या बांधावर बसून राहायच्या आणि रिकाम्या डाव्या हाताची बोटं आपोआप चालायची. मला ते बघवत नसे.

मग तो मोबाईल आला. इस्पितळाने त्यांच्यासारख्या बऱ्या झालेल्या माणसांसाठी एक ॲप काढलं होतं. साखर मोजायचं यंत्र आणि बीपीचा पट्टा तिकडूनच मिळाला. यंत्रातला आकडा आपसूक मोबाईलमध्ये जायचा, मोबाईलमधून इस्पितळात. शिवाय ॲपमधली एक बाई मराठीत बोलायची. शुद्ध, घोटीव, आकाशवाणीवर असतं तसलं. "सुप्रभात. आज आपल्याला कसे वाटत आहे?" असं ती सकाळी सकाळी विचारायची आणि वन्सं खांद्यावरून पदर घेऊन नीट बसत, "बरा हाय गो बाय. तू कशी हायस? च्या झाला?" खाली तीन तोंडं यायची, एक हसरं, एक रडकं, एक मधलं. त्यातलं एक दाबायचं एवढंच काम. पण वन्सं आधी सगळी हकीकत सांगायच्या. पहाटे कुत्रं कसं ओरडत होतं, जनाकाकूंची सून माहेराहून कशी आली नाही, वांग्यावर कीड कशी पडली. आणि मग हसरं तोंड दाबायच्या. मी म्हटलं, "वन्सं, तिला ऐकू येत नाही." तर माझ्याकडे अशा बघितल्या की जणू मीच बहिरी. "इचारते ती. इचारणाऱ्याला ऐकू येत नाय असं कधी असतंय का?"

फळांची मात्र मोठी पंचाईत होती. 'आज आपण कोणते फळ खाल्ले?' म्हणून ती विचारायची आणि चित्रं दाखवायची सफरचंदाची, संत्र्याची, आणि बाहेरून केसाळ, आतून हिरव्या अशा कशाची तरी. करवंदाचं चित्र नाही, जांभळाचं नाही, रानातल्या पांढऱ्या तोरणांचं तर नाहीच. "म्हंजे मी रानात जाऊन ओंजळभर करवंदा खाल्ली, ती खाल्लीच नाय होय?" शेवटी त्यांनी तोड काढली. करवंद खाल्लं की सफरचंद दाबायचं, जांभूळ खाल्लं की संत्रं. ऐन वैशाखात ॲपने त्यांना 'आपण सफरचंदे प्रमाणात खावीत' असा इशारा दिला. उभ्या जन्मात त्यांनी पाहुण्यांनी आजारपणात आणलेली सोडून सफरचंदं खाल्ली नव्हती. भात कमी करा म्हणून सांगितलं तेव्हा तर मोबाईल दोन दिवस उपडा घालून ठेवला होता. "वैशाखऱ्यात ऱ्हाऊन भात सोडू? हिच्या घरचे काय खातात इचार जरा." तिसऱ्या दिवशी स्वतःच नाचणी दळून आणली, भाकरी थापायला मला बसवलं, आणि पुढे महिनाभर नाचणीचा शोध आपणच लावल्यासारख्या गावभर सांगत फिरत होत्या. मोबाईल आपली पावलंही मोजतो हे कळलं तेव्हा मात्र त्या घाबरल्या. चालत्या माणसाची पावलं मोजली की दृष्ट लागते, हे त्यांचं ठाम मत. म्हणून मोबाईलला काळा दोरा बांधला. घरात रेंज नाही, म्हणून आकडे पाठवायला रोज टाकीच्या टेकाडावर चढावं लागायचं, आणि तेवढ्यानेच त्यांची पावलं पुरी व्हायची. "बघ," म्हणायच्या, "मुंबईवाल्यांनी सगळा इचार करून ठेवलाय."

खरा उत्साह चढला तो डॉक्टरांच्या एका वाक्याने. मागच्या फाल्गुनात तपासणीला गेलो तेव्हा वन्संनी पुन्हा आवणीचा हट्ट धरला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "तुमचे आकडे आषाढापर्यंत चांगले राहिले तर एक सकाळ परवानगी देतो. रबरी मोजे आणि गमबूट घालून, आणि दमलात की बाहेर." बस्स! त्या दिवसापासून ॲप म्हणजे वन्संचं कुलदैवत झालं. गूळ सोडला, लोणचं सोडलं, गोळ्या घड्याळ लावून. रोज सकाळी "लावशील ना गो मला चिखलात?" असं मोबाईललाच विचारायच्या. डॉक्टर बिचारे बाजूला राहिले, परवानगी देणारी ही बाई, अशी त्यांची समजूत.

पण धर्म आडवा आला. सकाळी वन्सं ओट्यावर पट्टा बांधायला बसायच्या, आणि आमचा ओटा कधी रिकामा नसतो. समोर जनाकाकू बसलेल्या. मग एकटीने पट्टा कसा बांधायचा? "समोर माणूस बसलंय आन मी एकटीच मोजून घेऊ? काय म्हणंल ती?" म्हणून जनाकाकूंचंही मोजायचं. तोवर गिरणीवाला आला, त्याचंही. सुई मात्र माणसागणिक नवी. तो नियम मी घालून दिला होता आणि तो त्यांनी कसोशीने पाळला. बायका मुरबाडच्या बाजारातून सुया-पट्ट्या स्वतः विकत आणायला लागल्या, हळदीकुंकवाला वाण आणावं तशा. मुरबाडला रेल्वे नाही, सगळा कारभार एसटीचा नि जीपचा. तर त्या जीपाही आमच्या दारात थांबायला लागल्या. जीपवाला हॉर्न द्यायचा, "मावशे, दोन बाया हायत, घाई हाय!" आणि वन्सं पट्टा घेऊन धावायच्या. मी ह्या वेळेला अंगणवाडीत कामाला. मला वाटे, आकडा यंत्रावर बघतात, सांगतात, संपलं.

आषाढ लागला. राबातलं रोप हिरवंगार वर आलं होतं आणि त्यात शेजारची म्हैस घुसली होती. वन्सं डाव्या हातात काठी घेऊन तिच्यामागे धावत असताना मोबाईल वाजला. इस्पितळातली एक ताई आठवड्यातून एकदा फोन करायची. गोड मुलगी. तिचा आवाज आज चिरकला होता. "मावशी, तुम्ही बसलात ना? चक्कर येतेय का? घाम आलाय? जवळ कुणी आहे का? असेल तर हाक मारा!" वन्सं धापा टाकत ओरडल्या, "हाकच मारतेय गो! हाड्! हाड्! म्हशीला!" तिकडे ती मुलगी रडायच्या बेताला. मी धावत जाऊन फोन घेतला. ती सांगू लागली, की गेले काही आठवडे मावशींची साखर एका तासात तळाला जाते नि आभाळाला भिडते, बीपी एकदा विशीतल्या मुलाचं नि एकदा नव्वदीतल्या म्हातारीचं, आणि आज सकाळी तर साखरेने साडेतीनशेच्या वर उडी मारली. डॉक्टर स्वतः बघून काळजीत पडलेत. मावशींना लगेच घेऊन या, आणि शेतात उतरायचं ह्या वर्षी डोक्यातून काढून टाका.

फोन मोठ्या आवाजावर होता. वन्संनी सगळं ऐकलं. काठी खाली टाकली आणि बांधावर बसल्या. म्हैस निवांत आमचं रोप खात होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सगळ्या आजारपणात ही बाई मी गप्प बसलेली पाहिली नव्हती. गाठ सांगितली तेव्हा नाही, केस गेले तेव्हा नाही. आता मात्र डाव्या हाताने बांधावरचं गवत उपटत बसल्या होत्या. "एवढा गूळ सोडला गो वयनी," एवढंच म्हणाल्या. त्यांची साखर खरंच चढली असेल, दुखणं उलटलं असेल, काय काय मनात आलं ते इथे लिहवत नाही.

तेवढ्यात तिकडून ताईने विचारलं, "हे सगळे आकडे मावशींचेच आहेत ना?"

मी वन्संकडे बघितलं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझे कसे? सगळ्यांचे हायत. पण मी परतेकाचं नाव सांगितलंय तिला. 'ही बघ गो, ही जना, हिची घे. हा गिरणीवाला, ह्याची घे.' असं सांगूनच लावला पट्टा. एवढी शिकलेली बाई, तिला एवढं कळत नाय?"

फोनवर ती मुलगी जी हसायला लागली ती थांबेचना. तिच्या मागे आणखी दोघी-तिघी हसत होत्या. मीही बांधावर बसून पोट धरून हसले. वन्सं मात्र रागावल्या होत्या. "हसा! वळख करून दिल्याबिगर कुनाच्या हाती माणूस कसं सोपवायचं?" हसणं ओसरल्यावर ताई म्हणाली, "मावशी, आता पंधरा दिवस फक्त तुमचेच आकडे पाठवा. ते चांगले असले तर डॉक्टरांशी मी बोलते." आणि मग एकदम गंभीर झाली. "पण तो साडेतीनशेवाला माणूस कोण आहे, तो आजच्या आज शोधा. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं."

वन्सं ताडकन उठल्या. आवणी, परवानगी, सगळं क्षणात विसरून गेल्या. त्यांचं एक माणूस संकटात होतं आणि ते कुठलं हे ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात सकाळची सगळी गिऱ्हाइकं ओट्यावर हजर. जनाकाकू भिऊन देवाचं नाव घेत होत्या. गिरणीवाला, "मी कालच दोन लाडू खाल्ले, माझीच आसंल," म्हणून आधीच गुन्हा कबूल करून बसला. पुढे गेलेली जीप टोकावड्याहून उलटी बोलावली. एकेकाचं पुन्हा मोजलं. कुणाचंच तेवढं भरेना. वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आठवत राहिल्या, आणि एकदम आत वळून गरजल्या, "दादू! भाईर ये!"

दादू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजेच आमचे हे. ह्यांना डॉक्टर ह्या जमातीचाच तिटकारा. सकाळी जाता जाता चेष्टेने बोट पुढे केलं होतं, "घे बाय, माझी पण घे, बघू किती गोड हाय मी." आता मात्र गोठ्यामागे जाऊन लपले होते. पन्नाशीचा माणूस, दोन मुलींचा बाप, गवताच्या पेंढ्यांमागे बसलेला मी ह्या डोळ्यांनी बघितला. वन्संनी कान धरून आणला. सुई टोचली. यंत्राने तोच आभाळातला आकडा दाखवला. ह्यांच्या पायाला ठेच लागून झालेली जखम किती तरी दिवस बरी होत नव्हती आणि हे वर हळद दाबून गप्प होते, ते तेव्हा उघडं पडलं. तीच जीप, तीच गिऱ्हाइकं, आणि मनगट घट्ट धरलेला भाऊ घेऊन सरळ मुरबाड. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी थोडं थांबला असतात तर पाय वाचवणं अवघड होतं. हे ऐकून आमचे हे पांढरे पडले. वन्संनी त्यांचं मनगट घरी येईपर्यंत सोडलं नाही.

पुढचे पंधरा दिवस वन्संनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. दार लोटून, एकटीने, चोरासारखं मोजायचं. बाहेर ओट्यावर जनाकाकू फुगून बसलेल्या. "आमी काय परके झालो काय गो?" वन्सं आतून ओरडायच्या, "डाक्टरचा हुकूम हाय गो, माझ्या जिवाला लागतंय!" ह्यांच्या मोबाईलमध्येही मुरबाडच्या डॉक्टरांनी साखरेचं एक ॲप घालून दिलं. त्यातही तीच तीन तोंडं. पण हे कुठलं तोंड दाबणार? ते काम वन्सं करायच्या, भावाच्या चेहऱ्याकडे बघून. ह्यांनी गोळी घ्यायला कटकट केली की रडकं दाबून टाकायच्या आणि सांगायच्या, "तुझी तक्रार केली मुंबईला." मुरबाड त्यांच्या हिशेबी मुंबईतच.

इकडे आवणी सुरू झाली आणि भराभर उरकत आली. गावातली शेतं हिरवी झाली. आमचंही सगळं लावून झालं, फक्त रस्त्याकडेचं एक लहानसं खाचर उरलं. चिखल करून, पाणी धरून, रिकामं. येणारे-जाणारे ह्यांना विचारत, "काय रे, हे ठेवलंस का?" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "रोप कमी पडलं." राबात रोप डोळ्यांसमोर उभं होतं, दिवसागणिक जून होत होतं. भाताचं रोप जून झालं की फुटवा धरत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक. मजूर बायका हसायच्या. हे पायाला बँडेज बांधून बांधावर बसून राहायचे आणि कुणाला तिथे उतरू द्यायचे नाहीत. बहिणीसाठी ठेवलंय असं ते कुणाकडे बोलले नाहीत. माझ्याकडेसुद्धा नाही. मला कळलं आणि त्या रात्री मी त्यांना साखर नसलेला चहा न बोलता दोनदा दिला.

पंधराव्या दिवशी ताईचा फोन आला. वन्संच्या आकड्यांमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी एक सकाळ दिली होती.

उजाडायच्या आत वन्सं तयार. हातावर चोळी, वर कोपरापर्यंत रबरी मोजे, पायात काळे गमबूट, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं. गावात कुठल्या तरी कंपनीचा माणूस आल्यासारखं दिसत होतं. सगळी आळी बांधावर जमली होती. गिरणीवाल्याने त्या दिवशी गिरणीच बंद ठेवली. जनाकाकूंनी राग सोडून रोपाच्या मुठी स्वतः आणून दिल्या. वन्सं खाचरात उतरल्या, डाव्या हातात मूठ घेतली आणि वाकल्या. "चला गो, बघताय काय! लागा!" म्हणून आवाज टाकला तो अगदी पूर्वीसारखा.

मी त्यांच्या शेजारी लावत होते. थोड्या वेळाने बघते तर त्यांची ओळ वाकडी जात होती. रोप कुठे खोल जायचं, कुठे वरच्या वर तरंगायचं. बधिर बोटांना, त्यावर रबराला, चिखल कुठे घट्ट नि कुठे पातळ ते कळतच नव्हतं. वन्संनी पाठ सरळ केली, मागे वळून आपली ओळ बघितली आणि खो खो हसल्या. "ही कुणी लावली गो? ताडी पिऊन आली होती काय?" सगळे हसले. हेही हसले आणि पटकन तोंड फिरवून खाकरले. ओळ पुन्हा लावू का म्हणून मी विचारलं, तर ह्यांनी तिकडूनच दरडावलं, "हात नाय लावायचा. हाय तशी ऱ्हाऊ दे."

हसणं थांबल्यावर वन्सं माझ्याकडे सरकल्या. फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "वयनी, चिखल कसा हाय गो?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांच्या मोज्यांकडे नि गमबुटांकडे लक्ष गेलं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी झुरल्या, त्याच्यात गुडघाभर उभ्या होत्या, आणि तो त्यांना कुठेच लागत नव्हता. "वरून कोमट आहे वन्सं," मी म्हटलं, "आत गार."

"मऊ?"

"लोण्यासारखा."

त्यांनी मान हलवली. खाली बघत राहिल्या. मला पुढचं बघवेना. मी वाकले, तळातला गार चिखल ओंजळीत घेतला आणि त्यांच्या गालावर थापला. बांधावरच्या जनाकाकू "अगो बाई!" म्हणून किंचाळल्या. वन्सं दचकल्या, मग त्यांनी डोळे मिटले. तसल्या अवतारात, हात दोन्ही बाजूंना लांब धरून, त्या निश्चल उभ्या राहिल्या. चिखल गालावरून हळूहळू मानेवर ओघळत होता. माझ्या ह्या बडबड्या नणंदेचा चेहरा इतका शांत झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही.

"गार हाय," त्या म्हणाल्या. आणि डोळे न उघडताच मान वळवली.

"ह्या गालाला पण लाव गो, वयनी."